सहा इंच म्हणजे नेमके किती? मिनिएचर वॉरगेममधल्या चालीच्या संदिग्ध नियमांचा अर्थ कसा लावायचा

मिनिएचर वॉरगेममध्ये, म्हणजे छोट्या मॉडेलांची सैन्यं टेबलावर मांडून खेळायच्या युद्धखेळात, फाशांवरून वाद क्वचित होतो. फासा पडला, आकडा दिसला, विषय मिटला. वाद होतो तो चालीवरून. "मॉडेल सहा इंचांपर्यंत हलवता येतं" या एका वाक्यात लिहिणाऱ्याने चार गोष्टी न सांगता सोडलेल्या असतात: अंतर कुठून मोजायचं, कुठपर्यंत मोजायचं, कोणत्या वाटेने मोजायचं आणि त्या वाटेवर बेसचा, म्हणजे मॉडेलखालच्या चकतीचा, किती भाग धरायचा. दोन्ही खेळाडू या जागा आपापल्या समजुतीने भरतात आणि खेळ रंगात आला की नेमकी तिथेच ठिणगी पडते.

चालीचे बहुतेक वाद भाषेचे नसतात, भूमितीचे असतात. म्हणून आधी टेप हातात घ्यावी आणि मगच पुस्तक उघडावं. खालचा क्रम तसाच आहे. आकडे मुख्यतः वॉरहॅमर ४०,००० च्या दहाव्या आवृत्तीचे (२०२३) घेतले आहेत, कारण आपल्याकडे तोच खेळ जास्त खेळला जातो. रांगा करून लढायच्या खेळांची उदाहरणंही अधूनमधून येतील.

मोजण्याची साधनं

सुताराची पोलादी टेप चालते, पण तिच्या टोकाचा हूक थोडा हलतो. तो खराब झालेला नसतो, मुद्दाम तसाच बसवलेला असतो. टेप आत टेकवून मोजा किंवा बाहेर अडकवून मोजा, हुकाच्या जाडीचा फरक पडू नये म्हणून ती ढील असते. टेबलावर मात्र आपण टेप टेकवतही नाही आणि अडकवतही नाही, बेसच्या शेजारी धरतो. त्यामुळे हूक कधी आत असतो, कधी बाहेर. जिथे केसाइतका फरक निर्णायक असेल तिथे शून्याऐवजी १ इंचाच्या खुणेपासून मोजा आणि शेवटी एक वजा करा. शिंप्याची कापडी टेप नको, वापरून वापरून ती ताणली जाते.

टेपपेक्षा उपयोगी म्हणजे ठरावीक लांबीच्या पट्ट्या: १, २, ३ आणि ६ इंच. जळगाव-धुळ्यात साइनबोर्ड करणाऱ्या दुकानांत ३ मिमी अ‍ॅक्रिलिकचे तुकडे लेझरने कापून मिळतात. दोन्ही खेळाडूंनी एकाच संचाने मोजायचं. थ्रीडी प्रिंटरवर पीएलए प्लास्टिकमध्ये छापलेल्या पट्ट्या मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीत ठेवू नका. पीएलए साधारण ६० अंशांना मऊ पडतं, आणि बंद गाडीत काचेखाली ठेवलेली वस्तू खानदेशातल्या उन्हाळ्यात त्याच्या जवळपास पोचते. वाकलेली सहा इंची पट्टी साडेपाच इंच मोजते, आणि ते खेळ संपेपर्यंत कुणाच्या लक्षात येत नाही.

वळणाची वाट मोजायला बांधकामाची बाइंडिंग वायर घ्या. ती हवी तशी वाकते आणि वाकवली की तशीच राहते. एक फुटाचा तुकडा कापून दर इंचाला रंगाची खूण करा आणि दोन्ही टोकं पक्कडीने आत वळवा, नाहीतर रंगवलेल्या मॉडेलवर ओरखडे येतात. दोऱ्याने मोजू नका. ओढणाऱ्याला लांबी कमी हवी असेल तर तो ताणून धरतो, जास्त हवी असेल तर सैल सोडतो.

एकच बिंदू, दोन्ही टोकांना

सगळ्यात जास्त होणारी चूक अशी. खेळाडू टेप बेसच्या पुढच्या कडेला लावतो, सहा इंचांवर बोट ठेवतो आणि मॉडेल उचलून बोटाच्या पलीकडे ठेवतो. सुरुवात मोजली पुढच्या कडेपासून आणि शेवट मागच्या कडेपर्यंत. ३२ मिमीच्या बेसवर यात १.२६ इंच फुकट मिळतात, म्हणजे सहाची चाल सव्वासात इंचांची होते. २५ मिमीच्या बेसवर जवळपास एक इंच वाढतो, ४० मिमीवर दीड इंचाहून जास्त. पाच फेऱ्यांच्या खेळात हे मॉडेल एक अख्खी चाल जास्त चालून जातं. अशा वेळी समोरचा म्हणतो, "भो, तू मोजलं ना सहा?" आणि मोजलेलं असतंच. त्याने लबाडी केलेली नसते, फक्त बिंदू बदललेला असतो.

नियम एका ओळीचा आहे: पुढची कड ते पुढची कड, किंवा मध्य ते मध्य. गोल बेस न फिरवता सरकवला तर त्याचा प्रत्येक बिंदू सारखंच अंतर जातो, म्हणून कोणताही एक बिंदू घ्या, पण दोन्ही टोकांना तोच घ्या. मॉडेल हलवण्याआधी बेसच्या मागे एक छोटा फासा किंवा मणी ठेवण्याची सवय लावली की वाद झाला तरी मूळ जागा शाबूत राहते. खोलीत पंखा पूर्ण वेगात असेल तर कागदी खुणा ठेवू नका, दुसऱ्या फेरीपर्यंत त्या टेबलाखाली असतात.

वाट की अंतर?

मॉडेल भिंतीच्या कडेने ४ इंच पुढे जातं आणि काटकोनात २ इंच आत वळतं. वाट झाली ६ इंच. सुरुवात आणि शेवट यांमधलं सरळ अंतर मात्र ४.४७ इंच. सरळ मोजणारा म्हणेल, अजून दीड इंच शिल्लक आहे. जवळपास सगळ्या खेळांत चाल म्हणजे चाललेली वाट. नियमात "सरळ रेषेत" हे शब्द असतील तेव्हाच सरळ अंतर धरा.

त्यातही एक इंच लपून बसतो. बाइंडिंग वायर भिंतीच्या कोपऱ्याला घट्ट लावून मोजली तर ती कोपऱ्यावर टोकदार वळते. बेस तसा वळू शकत नाही, कारण त्याचा मध्यबिंदू भिंतीपासून कायम अर्ध्या बेसइतका लांब असतो. ३२ मिमीचा बेस भिंतीला चिकटून कोपरा वळला तर मध्यबिंदू १६ मिमी त्रिज्येचं पाव वर्तुळ फिरतो, म्हणजे सुमारे २५ मिमी. पूर्ण एक इंच. पातळ भिंतीच्या टोकाला वळसा घालून पलीकडे गेला तर दोन इंच. "मी तर भिंतीला घासूनच गेलो" म्हणणारा हा खर्च विसरलेला असतो. म्हणून वायर भिंतीला न लावता मध्यबिंदूच्या वाटेवर ठेवा.

फटीचा प्रश्नही बेसचाच आहे. मॉडेलचे हात-तलवारी सोडा, बेस मावतो का ते पाहा. दोन मित्र मॉडेलांच्या मधून जाता येतं, शत्रूच्या मधून जाताना हिशोब बदलतो. दहाव्या आवृत्तीत साध्या चालीत शत्रूच्या एंगेजमेंट रेंजमध्ये, म्हणजे आडव्या १ इंचाच्या आत, शिरता येत नाही. मग दोन शत्रू बेसमधून ३२ मिमीचा बेस काढायला ३२ अधिक दोन्ही बाजूंचे २५.४, म्हणजे ८२.८ मिमी लागतात. सव्वातीन इंचांहून केसभर जास्त. हा आकडा पाठ असलेला खेळाडू आपले पहारेकरी बरोबर तीन इंचांवर उभे करतो आणि मग त्या फटीतून कुणी जात नाही.

वळण: फुकट, महाग की मोजून?

गोल बेस जागच्या जागी फिरवला तर काहीच बदलत नाही. लांबट बेस किंवा रणगाडा फिरवला तर बदलतं. १५० मिमी लांब आणि १०० मिमी रुंद रणगाडा शत्रूला आडवा उभा आहे असं धरा. मध्यापासून शत्रूकडची कड ५० मिमी. ९० अंश फिरवला की ती ७५ मिमी होते. चाक न हलवता २५ मिमी, म्हणजे एक इंच पुढे. जुन्या शक्कलबाजांची हीच युक्ती होती: मांडणीच्या वेळी गाडी आडवी ठेवायची, मग फिरवून धाडायची. २०२४ मध्ये वॉरहॅमर ४०,००० ने यावर वळण्याची किंमत लावली. गोल बेस नसलेल्या मॉन्स्टर आणि व्हेइकलने चालीत पहिल्यांदा वळलं की २ इंच वजा होतात, त्याच चालीत पुढे कितीही वळलं तरी पुन्हा वजा होत नाहीत. तुमच्या हातातली छापील प्रत २०२३ ची असेल तर हे तिच्यात सापडणार नाही. वादाचं कारण पुष्कळदा एवढंच असतं.

रांगांच्या खेळात मुख्य प्रश्न व्हीलचा. तुकडी एका कोपऱ्याभोवती फिरते आणि बाहेरचा कोपरा चालतो. तो किती चालला? कंसाने मोजायचं की टोकापासून टोकापर्यंत सरळ? पाच जणांची रांग, प्रत्येकी २५ मिमी, म्हणजे १२५ मिमी रुंदी धरून हिशोब करू. ९० अंशांच्या वळणाला कंस १९६ मिमी, म्हणजे ७.७ इंच. सरळ मोजलं तर १७७ मिमी, म्हणजे जवळपास ७ इंच. पाऊण इंचाचा फरक, आणि हल्ला पोचणं-न पोचणं तेवढ्यावर ठरतं. ४५ अंशांना मात्र कंस ३.८७ आणि सरळ ३.७७. फक्त ०.१ इंच. म्हणून ४५ अंशांपर्यंत वाद घालूच नका, सरळ मोजा आणि पुढे चला. त्याहून मोठं वळण असेल तर पुस्तक काय म्हणतं ते पाहा. ते गप्प असेल तर कंस धरा. कोपऱ्यावरचा शिपाई खरंच त्या वाटेने चालत असतो, आणि सरळ मोजलं तर एक मोठं वळण दोन छोट्या वळणांपेक्षा स्वस्त पडतं. वाट तीच असताना तुकडे पाडल्याने खर्च बदलत असेल तर तो अर्थ बरोबर नाही.

एका खेळाची सवय दुसऱ्यात नेऊ नका. किंग्ज ऑफ वॉर या रांगांच्या खेळात अ‍ॅडव्हान्स करताना तुकडी मध्यबिंदूभोवती ९० अंशांपर्यंत एक वळण घेऊ शकते, त्याचा चालीत हिशोब नाही. १९९० पासून चालत आलेल्या डीबीए या प्राचीन-मध्ययुगीन लढायांच्या खेळात आता अंतरं इंचांऐवजी बेसच्या रुंदीत मोजतात. १५ मिमीच्या मॉडेलांसाठी ही रुंदी ४० मिमी. तिथे इंची पट्टी काढली की पहिल्याच चालीत घोळ.

पुस्तक उघडल्यावर

भूमिती नीट मोजूनही दोन अर्थ उरले तर आता शब्दांकडे या. क्रम मोडू नका, कारण क्रम मोडला की प्रत्येक जण आपल्या सोयीचं वाक्य आधी वाचतो.

संपूर्ण परिच्छेद मोठ्याने वाचा, आणि वाचू द्या समोरच्याला, ज्याचा फायदा होणार नाही त्याला. अर्धं वाक्य वाचून थांबण्याची खोड इथेच सुटते. वाचताना कोणते शब्द त्या खेळात व्याख्या केलेले आहेत ते ओळखा. ठळक किंवा मोठ्या अक्षरात छापलेला शब्द हा बहुधा व्याख्येचा असतो आणि त्याचा बोलीतला अर्थ चालत नाही. "नॉर्मल मूव्ह", "अ‍ॅडव्हान्स", "फॉल बॅक", "चार्ज" या वेगवेगळ्या गोष्टी आहेत. एखाद्या क्षमतेला "नॉर्मल मूव्ह केल्यावर" अशी अट असेल तर चार्ज केल्यावर ती लागू नाही. तसंच मॉडेल "सेट अप" केलं, म्हणजे राखीव फळीतून आणून टेबलावर ठेवलं, ते चाललेलं नसतं. मग त्या फेरीत त्याला "हललेलं" धरायचं का? ते पुस्तकात वेगळं सांगितलेलं असतं. शोधा, अंदाज करू नका.

विशेष नियम सामान्य नियमावर मात करतो, हे सगळ्यांना माहीत असतं. पण किती मात करतो? शब्दांनी जेवढी सूट दिली तेवढीच. "हे युनिट शत्रूच्या मॉडेलांवरून जाऊ शकतं" असं लिहिलं असेल तर ते वरून जातं. त्यांच्यावर चाल संपवायची परवानगी यातून निघत नाही, आणि भिंतीवरून जायचीही नाही. हे खेळ परवानगीचे आहेत. जे करता येतं ते लिहिलेलं असतं. "कुठे लिहिलंय की करता येत नाही?" हा युक्तिवाद ऐकला की प्रश्न उलटा फिरवा: कुठे लिहिलंय की करता येतं?

आकृती आणि मजकूर भांडत असतील तर मजकूर धरा, पण मजकूर मोघम असेल तर आकृती हाच लेखकाचा खुलासा. एफएक्यू, म्हणजे प्रकाशकाने दिलेली शंकांची उत्तरं, शेवटी. त्यावरची तारीख आणि आवृत्ती तपासा. नवव्या आवृत्तीचं उत्तर दहाव्या आवृत्तीला लावणं ही फोनवर शोधणाऱ्यांची नेहमीची चूक आहे.

एवढं करूनही दोन अर्थ टिकले तर ते दोन वाक्यांत कागदावर लिहा आणि टोकाची परीक्षा घ्या. अर्ध्या चालीचं उदाहरण यासाठी उत्तम. नियम म्हणतो, "जंगलात चाल निम्मी." मॉडेलची चाल ६, जंगल ४ इंचांवर.

अर्थ पहिला: जंगलाला स्पर्श झाला की पूर्ण चाल निम्मी, म्हणजे ३. पण ३ इंचांत जंगलापर्यंत पोचताच येत नाही. पोचलंच नाही तर चाल निम्मी का झाली? आणि निम्मी झाली नसती तर पोचलं असतं. हा अर्थ स्वतःलाच खातो.

अर्थ दुसरा: जंगलातला प्रत्येक इंच दोन इंचांचा. चार मोकळे, उरलेल्या दोनात जंगलात एक इंच. एकूण पाच. जंगलाच्या आतून, कडेपासून एक इंचावरून निघालं तर बाहेर यायला दोन खर्च, चार मोकळ्यावर, एकूण पाचच. जाताना आणि येताना सारखंच. हाच अर्थ धरा. काही खेळ "जंगलात सुरुवात केली तरच निम्मी" असं स्पष्ट लिहितात. तिथे पहिल्या अर्थाचा पेच उरत नाही, तेव्हा लिहिलंय तेच चालवा.

बेरीज आणि भागाकार यांचाही क्रम ठरवावा लागतो. ६ ची चाल, २ ची वाढ, मग निम्मी: आधी बेरीज केली तर ४, आधी भागाकार केला तर ५. वॉरहॅमर ४०,००० मध्ये आधी भागाकार, मग बेरीज, आणि उरलेला अपूर्णांक वरच्या पूर्णांकात. ज्या खेळात अपूर्णांकाबद्दल काहीच लिहिलेलं नाही तिथे ५ ची निम्मी अडीच आणि टेपवर अडीचच मोजा. टेपला अपूर्णांक कळतो, फाशाला कळत नाही.

चढउतार

टेकडीवर उतार धरून मोजायचं की वरून सपाट? ४ इंच आडवं आणि ३ इंच उंच असा उतार चढला तर उतारावरची वाट ५ इंच. पण ६ इंच लांब आणि १ इंच उंच टेकडीला वाट ६.०८ येते. टेबलावरच्या निम्म्याहून जास्त टेकड्या अशाच असतात, त्यांना सपाट मोजा. थर्माकोलचे थर रचून केलेल्या पायऱ्यांच्या टेकडीला मात्र प्रत्येक थर भिंत आहे की उतार, ते आधी बोला. नाहीतर एकाच टेकडीवर एक जण चढतो आणि दुसरा चालत जातो.

उभ्या भिंतीचा हिशोब वेगळा. दहाव्या आवृत्तीत २ इंच किंवा त्याहून बुटकी वस्तू फुकट ओलांडता येते. त्याहून उंच असेल तर वर जाण्याचं आणि खाली उतरण्याचं अंतर मोजावं लागतं. ३ इंच उंच भिंत ओलांडायला तीन वर, तीन खाली. सहाची चाल तिथेच संपली. चढता चढता मध्येच थांबता येत नाही. पोचणार नसेल तर मॉडेल चढतच नाही.

"च्या दिशेने", "आत", "पर्यंत"

"शत्रूच्या दिशेने हलवा" यात तीन अर्थ दडलेत. मध्यापासून मध्यापर्यंतच्या सरळ रेषेत. किंवा वाट कशीही असो, शेवटी आधीपेक्षा जवळ. किंवा वाटेवर प्रत्येक क्षणी जवळ. मध्ये भिंत असली की तिन्ही वेगळे होतात: पहिल्यात मॉडेल भिंतीला टेकून थांबतं, दुसऱ्यात वळसा घालून जाऊ शकतं, तिसऱ्यात वळशाची सुरुवातच करता येत नाही. "शक्य तितकं थेट" असं असेल तर वळसा चालतो, सगळ्यात छोटा. पळून जाणाऱ्या तुकडीची दिशा ठरवताना सरळ रेषा धरा. पळणाऱ्याला वाट निवडायची मुभा द्यायची नाही, हाच बहुधा त्या नियमाचा हेतू असतो.

"आत" म्हणजे हद्दीवर असेल तरी आत. "१ इंचाच्या आत" यात बरोबर १ इंच येतो. चार्ज, म्हणजे हल्ल्याची धाव, शत्रूच्या १ इंचाच्या आत पोचली की झालं, म्हणून ८ इंचांवरच्या शत्रूवर चार्ज करायला फाशांवर ७ पडले तरी पुरतं, आठ लागत नाहीत. "पूर्णपणे आत" म्हणजे बेसचा एकही भाग बाहेर नको. बेसचा काठ जंगलाच्या कडेवर टेकला असेल तर मॉडेल "आत" आहे, "पूर्णपणे आत" नाही.

आपली जमीन, आपले नियम

विकत घेतलेल्या खेळात अवशेष आणि जंगलं असतात. खानदेशातला प्रसंग मांडायचा तर जमिनीचे प्रकार स्वतः लिहावे लागतात. थाळनेर किल्ल्यावरच्या १८१८ च्या लढाईत एकामागून एक दरवाजे येतात. तिथे दरवाज्याची रुंदी मिलिमीटरमध्ये लिहा आणि एका वेळी किती बेस मावतात ते आधीच सांगा. ३० मिमीच्या दरवाज्यातून ३२ मिमीचा बेस जाणार नाही आणि सगळा हल्ला तिथेच अडकेल. हे मॉडेल बनवताना चुकतं, खेळताना नाही. १८५८ ची अंबापाणीची लढाई भिल्ल आणि इंग्रज यांच्यातली, सातपुड्यातली. तिथे उताराचा नियमच निकाल ठरवतो. भिल्ल टोळ्यांना उतारावर पूर्ण चाल आणि रांगेत चालणाऱ्या पलटणीला दुप्पट खर्च असा भेद ठेवला तर डोंगरातली लढाई डोंगरातली वाटते. दोघांना एकच नियम लावला तर सपाट मैदान बरं.

केळीची बाग हा चांगला कसोटीचा नमुना. बारीक काड्यांना हिरवा कागद लावून ओळी केल्या की दिसायला सुरेख. पण ओळींमधून सरळ जाणाऱ्याला जमीन मोकळी की अडचणीची? आमचा सल्ला: ओळीच्या दिशेने चाल पूर्ण, ओळी कापून जाताना दुप्पट, घोडेस्वारांना आडवं जाणं बंद. बागेची हद्द तळाच्या सनबोर्डच्या कडेने ठरवा, पानांच्या टोकाने नाही, पानं हलतात. काळी माती कोरडी असताना मोकळी जमीन. पावसाचा प्रसंग असेल तर अख्खं शेत अडचणीचं. तापीचं पात्र ओलांडता येत नाही, फक्त पायी ओलांडायच्या उथळ जागेवर, आणि त्या जागेची रुंदी लिहून. नाल्याचा काठ: उतरायला १ इंच, चढायला २. हे आकडे आमच्या पसंतीचे आहेत. तुम्ही वेगळे घ्या, पण घ्या.

प्लायवूडचा पूर्ण पत्रा ८ बाय ४ फुटांचा येतो. ६ बाय ४ चं टेबल कापलं की २ बाय ४ चा तुकडा उरतो, त्यातच टेकड्यांचे तळ निघतात. वर फ्लेक्स अंथरणार असाल तर आदल्या रात्री छापील बाजू बाहेर ठेवून उलटा गुंडाळा. सपाट न बसलेल्या फ्लेक्सवर बेस घसरतात आणि कुणी मॉडेल हलवलं याची उगाच चौकशी होते.

टेबलावर

गल्लीतल्या क्रिकेटमध्ये एक टप्पा आउट आहे की नाही हे टॉसच्या आधी ठरतं. इथेही तसंच. सैन्य मांडण्याआधी टेबलावरच्या प्रत्येक वस्तूला बोट लावून बोला: यातून जाता येतं का, चाल किती, आड लपता येतं का, हद्द कुठे. दहा मिनिटं लागतात. यातली पाच मिनिटं वाचवली की अर्धा तास जातो.

खेळताना हेतू बोलून मॉडेल हलवा. "भाऊ, हे तिघं भिंतीआड जाताहेत, तुझ्या तोफेला दिसू नयेत असं मला हवंय. बरोबर?" समोरचा "हो दादा, नाही दिसत" म्हणाला की ते ठरलं. मग पुढच्या फेरीत बेसचा एक मिलिमीटर बाहेर दिसला तरी तोफ लागत नाही, मॉडेल मिलिमीटरभर मागे सरकवायचं. उलट, समोरच्याला न सांगता अचूक जागा साधण्याचा प्रयत्न केला तर मोजमापाचा प्रत्येक दोष तुमच्या माथी येतो.

वाद उठलाच तर हात थांबवा. हललेल्या मॉडेलांच्या मागे मणी आहेत ना ते पाहा. पाच मिनिटं घड्याळ लावा आणि वरच्या क्रमाने वाचा. पाच मिनिटांत निकाल लागला नाही तर फासा: १ ते ३ एक अर्थ, ४ ते ६ दुसरा. आकडे बोलून मग फासा टाका, उलटं नको. लागलेला निकाल त्या खेळात दोघांनाही लागू, शेवटपर्यंत. दुसऱ्या फेरीत आपल्या विरुद्ध गेलेला अर्थ चौथ्या फेरीत आपल्याही सोयीचा ठरू शकतो, म्हणून मध्येच बदल नाही.

पंच असेल तर फार बरं. प्रशियातल्या राइसविट्झच्या १८२४ च्या युद्धखेळातही पंच होताच. पुढे नियम इतके वाढले की अधिकारी खेळायला कंटाळले, आणि १८७६ मध्ये व्हेर्डी द्यु व्हेर्न्वा या प्रशियन अधिकाऱ्याने तक्ते बाजूला सारून निकाल अनुभवी पंचाच्या विवेकावर सोडला. दोन्ही टोकं आपल्याला लागत नाहीत. पंचाने फक्त एक पथ्य पाळावं: कोण जिंकतोय हे न विचारता, फक्त प्रश्न ऐकून निकाल द्यावा. जमलं तर त्याला टेबलापासून लांब बसवा आणि प्रश्न कागदावर पाठवा.

नोंदवही

क्लब असो की चौघांची बैठक, एक वही ठेवा. प्रत्येक निकालाला खेळाचं नाव आणि आवृत्ती, पान, वादातलं वाक्य जसंच्या तसं, टेबलावरची स्थिती (शक्य तर वरून काढलेला फोटो, शेजारी सहा इंची पट्टी ठेवून), लागलेला अर्थ आणि कारण लिहा. फाशाने लागला असेल तर तेही लिहा, म्हणजे पुढच्या वेळी कुणी त्याला पायंडा म्हणून पुढे करणार नाही. फाशाचे निकाल घरी जाऊन निवांत तपासायचे असतात. पुढच्या बैठकीच्या आधी एकमताने अर्थ ठरला तर जुनी नोंद खोडायची नाही, तिच्यावर नवी तारीख घालून नवा अर्थ खाली लिहायचा. एखादा नियम वहीत तिसऱ्यांदा आला तर तो वाचण्याची नाही, बदलण्याची वेळ आली आहे. त्या वेळी घरचा नियम करा, तो मांडणीच्या आधी वाचून दाखवा, आणि नव्या खेळाडूला वहीचं ते पान फोनवर आधीच पाठवा.